नोकरी आणि घर सांभाळून क्रोशा शिकत आहे: दर ओळीला कड आत का जाते?

प्रश्न: निशिगंध (लष्कर, ग्वाल्हेर)

सर्वांना नमस्कार. मी लष्कर भागात राहते आणि एका शाळेत शिकवते. माझ्या नणंदेला जानेवारीच्या मध्यावर बाळ होणार आहे. बाळंतविड्यातील निदान टोपडे आणि कुंची या दोन वस्तू तरी मी स्वतःच्या हाताने कराव्यात, अशी माझी मनापासून इच्छा आहे. ग्वाल्हेरचा जानेवारी कसा असतो हे इथल्या मंडळींना सांगायला नको. सासूबाईंचे दोन सुयांवरचे विणकाम उत्तम आहे, परंतु क्रोशा त्यांनी कधी केला नाही, त्यामुळे अडले की विचारावे असे घरात कोणी नाही.

सुरुवात चुकीची झाली. घरपोच मागवलेल्या एका संचात अगदी बारीक सुई आणि काळी लोकर आली. रात्रीच्या दिव्यात त्या काळ्या लोकरीवर टाका कुठे संपतो आणि कुठे सुरू होतो हेच दिसेना, आणि पंधरा दिवस मला वाटत राहिले की आपल्या हातात ही कला नाही. नंतर बाड्याजवळच्या दुकानातून 4 मिमीची सुई आणि फिकट पिवळी, मध्यम जाडीची लोकर आणली आणि त्याच दिवशी साखळी, म्हणजे एकातून एक ओढलेल्या फासांची ओळ, जमली. आता साखळी आणि खांब (सुईवर एकदा धागा घेऊन घातलेला उंच टाका) हे दोन्ही बऱ्यापैकी एकसारखे येतात.

अडचण अशी आहे की सरळ पट्टी विणायला घेतली की ती त्रिकोणाकडे झुकते. कालच्या नमुन्यात पहिल्या ओळीत मोजून 20 खांब होते आणि बाराव्या ओळीत 9 उरले. मी कुठेही जाणूनबुजून टाका सोडलेला नाही. दुसरे असे की मी चित्रफिती पाहून शिकते, आणि एकाच नावाचा टाका एक बाई छोटा घालते तर दुसरी उंच घालते, त्यामुळे माझा गोंधळ उडतो. तिसरा प्रश्न वेळेचा आहे. सकाळी डबे आणि शाळा, दुपारी मुलाचा अभ्यास, संध्याकाळी स्वयंपाक, आणि मग साडेनऊनंतरचा अर्धा तास एवढाच माझा असतो, तोही रोज मिळेलच असे नाही. इतक्या तुटक वेळात ही दोन कामे वेळेवर होतील का? अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर: दौलतगंजची मावशी

निशिगंध, तुझे आकडे वाचले आणि चूक तिथेच सापडली. पहिल्या ओळीत 20 आणि बाराव्या ओळीत 9, म्हणजे मधल्या 11 ओळींत 11 खांब गेले. दर ओळीला बरोबर एक खांब गळतो आहे. हात घट्ट-सैल होत असता तर पट्टी कुठे रुंद, कुठे अरुंद झाली असती, पण टाक्यांची संख्या कमी झाली नसती. तुझा हात व्यवस्थित आहे, फक्त ओळीच्या टोकाला असलेला एक खांब तुला खांब म्हणून ओळखू येत नाही.

काम उलटवल्यावर तू 3 साखळ्या घालत असशील. त्या 3 साखळ्या मिळून नव्या ओळीतला पहिला खांब होतो, म्हणून पुढचा खांब त्यांच्या बुडाशी न घालता शेजारच्या, म्हणजे दुसऱ्या टाक्यात घालायचा. इथपर्यंत तू बरोबर करतेस असे मी धरते. चूक ओळीच्या शेवटी होते. शेवटचा खांब मागच्या ओळीतल्या त्या 3 साखळ्यांच्या डोक्यावर, म्हणजे तिसऱ्या साखळीत घालायचा असतो. ती साखळी इतर खांबांच्या डोक्यांसारखी दिसत नाही, किंचित कडेला वळून बसते, म्हणून नवशिक्या हाताला ओळ संपली असे वाटते आणि काम उलटवले जाते. आज रात्री एवढेच कर: काम उलटवून 3 साखळ्या घातल्या की तिसऱ्या साखळीत एक सेफ्टी पिन अडकव. परत येताना पिनेपर्यंत पोहोचल्याशिवाय ओळ संपली असे मानायचे नाही. पिन काढायची, त्याच जागी खांब घालायचा आणि ओळ मोजायची. चार-पाच ओळींनंतर डोळा बसतो.

टाका ओळखण्याबद्दलही सांगते, कारण क्रोशात हात लवकर शिकतो आणि डोळा मागे राहतो. विणलेली कड वरून पाहिलीस तर प्रत्येक टाक्याचे डोके इंग्रजी व्ही अक्षरासारखे, दोन धाग्यांचे दिसेल. सुई त्या दोन्ही धाग्यांच्या खालून गेली पाहिजे. कधी एकच धागा उचलला गेला की तिथे लहान भोक पडते आणि पुढच्या वेळी मोजताना गोंधळ होतो. काळी लोकर तू सोडलीस हे फार चांगले केलेस. मी क्रोशा शिकले ती रुखवतातल्या ताटाभोवतीच्या महिरपीवर. पांढरा सुती दोरा आणि बारीक लोखंडी सुई होती, आणि आईने मला पहिला महिनाभर फक्त दुपारच्या उजेडात, अंगणात बसवले होते. त्या वेळी राग यायचा. पण गेली 40 वर्षे मी टाका न पाहता विणू शकते, ते त्या महिन्यामुळे.

नावांचा गोंधळ तुझा नाही, तो देशांचा आहे. अमेरिकेत ज्याला सिंगल क्रोशे म्हणतात त्यालाच इंग्लंडमध्ये डबल क्रोशे म्हणतात, आणि अमेरिकेचा डबल क्रोशे हा इंग्लंडचा ट्रेबल असतो. म्हणून चित्रफीत किंवा नमुना हाती घेतला की आधी तो कोणत्या पद्धतीचा आहे ते पाहावे. त्यात सिंगल क्रोशे हा शब्द आला तर पद्धत अमेरिकेची, कारण इंग्रजांच्या पद्धतीत त्या नावाचा टाकाच नाही. आपल्या घरांतही नावे थोडी वेगळी असतात. आमच्याकडे सुईवर आधी धागा न घेता घातलेल्या छोट्या टाक्याला मुका खांब म्हणतात, आणि एकदा धागा घेऊन घातलेल्या उंच टाक्याला नुसता खांब. तू वहीत आपली एक यादी कर, टाक्याचे नाव आणि सुईवर किती वेळा धागा घ्यायचा एवढीच, आणि सगळे नमुने त्या यादीत बसवून वाच.

कुंचीची काळजी करू नकोस. साधी कुंची म्हणजे सरळ आयत विणून मधोमध दुमडायचा आणि मागची एक बाजू शिवायची. ज्या दिवशी तुझी पट्टी दोन्ही कडांना सरळ येईल त्या दिवशी कुंची तुला आली असे समज.

उत्तर: अप-डाउनवाला

नमस्कार ताई. मी ग्वाल्हेर ते झांशी रोज अप-डाउन करतो, आणि दोन वर्षांपूर्वी क्रोशा शिकलो तो जवळजवळ सगळा गाडीत. टाक्यांविषयी मावशींनी सांगितले आहे त्यात भर घालण्यासारखे माझ्याकडे काही नाही. वेळेच्या प्रश्नावर मात्र लिहावेसे वाटले.

दोन सुयांच्या विणकामात एका वेळी शंभर घरे सुईवर उघडी असतात. सुई निसटली की सगळी ओळ धोक्यात येते, म्हणून ते काम ओळ पुरी करूनच ठेवावे लागते. क्रोशात उघडा असतो तो एकच फास. तो फास बोटभर लांब ओढून ठेवला किंवा त्यात सेफ्टी पिन अडकवली की काम ओळीच्या मध्यावर, खांबाच्या मध्यावरसुद्धा थांबवता येते. मुरैन्याच्या बाजूची गाडी पुढे निघेपर्यंत आमची गाडी ग्वाल्हेर स्थानकाबाहेरच थांबून राहते आणि मग अचानक सुटते, तेव्हा मी कित्येकदा एका हाताने पिशवी आणि दुसऱ्या हाताने तो फास धरून उतरलो आहे. आतापर्यंत काम उसवलेले नाही. तुमचा अर्धा तास सलग नसेल, कुकरच्या शिट्टीने किंवा मुलाच्या हाकेने तुटणारा असेल, तर त्यासाठी दोन सुयांपेक्षा क्रोशाच सोयीचा आहे.

फक्त एक शिस्त पाळावी लागते. थांबताना आपण कुठे होतो हे लिहून ठेवायचे. माझ्या पिशवीत पेन्सिलीचा तुकडा आणि एक जाड कागद असतो. त्यावर ओळ क्रमांक आणि घातलेले खांब एवढेच लिहितो, उदाहरणार्थ "ओळ 14, खांब 11". पहिले काही महिने मी हे करत नव्हतो, आणि दर वेळी पहिली पाच मिनिटे मागचे मोजण्यात जात. अर्ध्या तासातली पाच मिनिटे ही फार मोठी किंमत आहे.

आणखी एक, ताई. दिवसभर फळ्यावर लिहिलेला हात रात्री पुन्हा त्याच मुद्रेत आवळला जातो. मनगट किंवा अंगठ्याच्या बुडाशी कळ आली तर त्या दिवशी थांबा आणि दुसऱ्या दिवशी सुई धरण्याची पद्धत बदलून पाहा. काही जण पेनासारखी धरतात, काही जण सुरीसारखी मुठीत. दोन्ही बरोबर आहेत. मला मुठीतली पकड मानवली, तेव्हापासून दुखणे थांबले.

उत्तर: बडोदेकर

मी बडोद्याला राहते आणि गणित शिकवते, म्हणून टोपड्याच्या बाबतीत थोडे लिहिते, कारण कुंचीची पट्टी सरळ झाली तरी टोपडे गोलात विणायचे असल्याने तिथे वेगळी अडचण येणार आहे.

टोपडे मध्यापासून सुरू करून आधी सपाट चकती विणतात आणि मग वाढ थांबवतात, म्हणजे कड आपोआप खाली वळते. चकती सपाट राहण्यासाठी दर फेरीत किती टाके वाढवायचे याचे साधे कारण आहे. प्रत्येक फेरीने चकतीची त्रिज्या एका टाक्याच्या उंचीइतकी वाढते, आणि वर्तुळाचा परीघ त्रिज्येच्या सव्वासहा पटीहून थोडा अधिक असतो. मुका खांब जवळजवळ जेवढा उंच तेवढाच रुंद असतो, म्हणून परिघात दर फेरीला सुमारे 6 टाक्यांची जागा नव्याने तयार होते: पहिली फेरी 6, दुसरी 12, तिसरी 18. पूर्ण खांब साधारण दुप्पट उंच असतो, म्हणून त्याच्या फेऱ्या 12, 24, 36, 48 अशा जातात. वाढ कमी पडली तर चकतीची वाटी होते, आणि जास्त झाली तर कडेला झालर येते. दोन्हींपैकी काहीही दिसल्यास लगेच फेरी मोजावी, पुढच्या फेरीत आपोआप बसेल या आशेवर पुढे जाऊ नये.

ही झालर केवळ चूक नसते हे मला मुलांना सांगायला फार आवडते. कॉर्नेल विद्यापीठातील गणितज्ञ डायना टायमिना यांनी 1997 साली मुद्दाम ठरावीक प्रमाणात टाके वाढवत जाऊन क्रोशाने अतिपरवलयी (हायपरबोलिक, म्हणजे झालरीसारख्या सगळीकडे वळत पसरणाऱ्या) पृष्ठभागाची प्रतिकृती तयार केली. कागदी प्रतिकृती हाताळताना फाटत, ती लोकरीची मात्र विद्यार्थ्यांना हातात घेऊन दुमडून पाहता येऊ लागली.

आता मापाचे. नवजात बाळाच्या डोक्याचा घेर साधारण 35 सेंमी असतो. घेराला 3.14 ने भागले की चकतीचा व्यास मिळतो, म्हणजे सुमारे 11 सेंमी. पण बाळ लवकर वाढते, म्हणून 38 सेंमी घेर धरून 12 सेंमीची चकती करावी असे मी सुचवेन. 12 सेंमी झाली की वाढ थांबवायची आणि सरळ फेऱ्या घालत कानांपर्यंत उतरायचे. सुईचा क्रमांक लोकरीच्या वेष्टनावर बहुधा असतो, तरीही सेंमीपट्टी लावून मोजावे, कारण प्रत्येकीच्या हाताचा ताण वेगळा असतो.

निशिगंध

सर्वांचे मनापासून आभार. मावशी, चूक तिथेच होती. सेफ्टी पिन लावून त्याच रात्री पुन्हा 20 खांबांनी सुरुवात केली. पहिल्या दोन ओळींत पिनेजवळ येऊन मी थबकले, कारण डोळ्यांना तिथे टाका दिसतच नव्हता. सुईच्या टोकाने चाचपला तेव्हा ती वळलेली साखळी सापडली. पंधराव्या ओळीलाही 20 खांब भरले. सासूबाईंनी पट्टी हातात घेऊन दोन्ही कडांवरून अंगठा फिरवला आणि स्वतः चष्मा लावून मोजून पाहिली. आता त्या मला रोज साडेनऊला आठवण करतात, आणि मुलाचे दप्तर भरण्याचे काम त्यांनी आपणहून घेतले आहे.

टोपड्याची चकती चौथ्या फेरीला सपाट आली आहे. दादा, कागदावर ओळ लिहून ठेवण्याची सूचना मी शाळेतल्या मधल्या सुट्टीसाठीही वापरते आहे. दहा मिनिटांत एक फेरी होते. एक शेवटची शंका आहे. लोकर संपून दुसरी जोडली तिथे धाग्याची दोन टोके लोंबत आहेत. ती गाठ मारून कापली तर चालेल का?

दौलतगंजची मावशी

गाठ मारू नकोस. गाठ बाळाच्या डोक्याला टोचते आणि धुण्यात सुटते. प्रत्येक टोक वीतभर लांब ठेव, बोथट टोकाच्या मोठ्या सुईत ओव आणि टाक्यांच्या आतून आधी एका दिशेने चार बोटे, मग उलट दिशेने तितकेच परत ने. त्यानंतर कापड थोडे ताणून पाहा आणि मगच उरलेला धागा काप. टोपड्याच्या आतल्या बाजूला सुटा धागा किंवा मोठे भोक राहणार नाही हे नीट बघ, बाळाची बोटे त्यात अडकतात. झाल्यावर सौम्य साबणाने धुऊन सावलीत सपाट पसरून वाळव. लोकर अॅक्रिलिक असेल तर तिला गरम इस्त्री लावू नकोस. ती एकदा मऊ पडून सैलावली की पुन्हा पूर्ववत होत नाही.