मदत हवी आहे: बाईंच्या यादीतलं पुस्तक सातवीच्या मुलीला झेपेल का?

नमस्कार मंडळी. लेकीच्या शाळेत शिक्षकांनी आपापली आवडती पुस्तकं व्हरांड्यातल्या फळ्यावर लिहिली होती. पोरीने ती गणिताच्या वहीच्या शेवटच्या पानावर उतरवून आणलीत, वरणाच्या डागासकट. मराठीच्या बाईंचं 'बनगरवाडी', चित्रकलेच्या बाईंचं 'तोत्तोचान' आणि पीटीच्या सरांचा (हे मला फार आवडलं) 'फास्टर फेणे'.

फेणे घरात आहे, माझीच जुनी प्रत, पुठ्ठा निघालेली. 'तोत्तोचान'चा चेतना सरदेशमुख गोसावी यांचा अनुवाद हवाय. शनिवारी अप्पा बळवंत चौकात दोन दुकानं पालथी घातली, नाही मिळाला. कुठे मिळेल?

खरा प्रश्न 'बनगरवाडी'चा. तरुण मास्तर धनगरांच्या वाडीत शाळा चालवायला जातो, इथवर तिला रस वाटेल. पण शेवटचा दुष्काळ, ओस पडणारी वाडी? शिवाय माणदेशी बोलीवर ती अडणार. नवरा म्हणतो, मोठ्याने वाचून दाखव. कुणी बारा वर्षांच्या मुलांबरोबर वाचलंय का? कोथरूड-कर्वेनगरात कुणाकडे प्रत असेल तर महिनाभर उसनी द्याल? कव्हर घालून परत करेन.