हनोईच्या 'चा का ला व्हाँग'चा हळदीतला मासा घरी करायचा आहे : मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

हनोईच्या जुन्या पेठेतील 'चा का ला व्हाँग' या उपाहारगृहाची ओळख असलेला हळदीतला मासा मला पुण्यात घरी करायचा आहे, परंतु त्यातील काही जिनसांपाशी अडले आहे. ज्यांनी तो खाल्ला आहे किंवा जे व्हिएतनाममध्ये राहिले आहेत, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

हे नाव ज्यांनी ऐकलेले नाही, त्यांच्यासाठी थोडी माहिती देते. दोआन कुटुंबाच्या या उपाहारगृहाची सुरुवात १८७१ सालची सांगितली जाते. फ्रेंच राजवटीत या घरात बंडखोरांची ऊठबस असे आणि त्यांच्यासाठी रांधला जाणारा मासाच पुढे घराचा व्यवसाय झाला, अशी तिथली हकिकत आहे. पदार्थाचा लौकिक एवढा वाढला की पूर्वी रंगविक्रेत्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या गल्लीला 'चा का' हे पदार्थाचेच नाव मिळाले. एकाच पदार्थावर पिढ्यान्‌पिढ्या चाललेल्या अशा घरांबद्दल मला फार आदर वाटतो.

माशाचे काटे काढलेले तुकडे हळद, कुलंजन, आंबवलेला भात आणि कोळंबीची आंबवलेली चटणी यांत मुरवून आधी कोळशावर भाजतात. मग टेबलावर शेगडी येते. तिच्यावरच्या पसरट तव्यात तेल हळदीने पिवळेधमक झालेले असते. त्यात मासा सोडून वर मूठमूठ शेपू आणि कांद्याची पात घालतात. इथे शेपू वरून भुरभुरवण्यापुरता नसतो, तो भाजीच्या मानाने पडतो आणि जेमतेम माना टाकतो न टाकतो तोच माशासकट तांदळाच्या शेवयांवर वाढून घ्यायचा असतो. सोबत भाजलेले शेंगदाणे, कोथिंबीर, पुदिना. शेपूच्या नावाने नाक मुरडणाऱ्यांनीही तो असा एकदा खाऊन पाहावा, असे मला मनापासून वाटते.

आता अडचणी. मूळ पदार्थात 'का लांग' हा नदीतला, मिशांचा, बिनखवल्यांचा मासा वापरतात. त्याचे मांस घट्ट असल्यामुळे तो भाजून पुन्हा तेलात परतला तरी विस्कटत नाही. बासा इथे सहज मिळतो आणि तोही व्हिएतनामचाच, पण गोठवलेल्या बाशाला पाणी फार सुटते. आपल्याकडे धरणातून येणारा शिंगटा मला त्यामानाने जवळचा वाटतो. तो कोणी असा दोनदा शिजवून पाहिला आहे का? की सरळ घोळ घ्यावा?

आंबट भाताच्या जागी परदेशातले व्हिएतनामी लोक दही वापरतात, हे मी वाचले आहे. दह्याने चव कितपत बदलते, आणि भातच आंबवायचा झाल्यास आपल्या हवेत तो तयार झाला हे कशावरून ओळखावे, हे जाणकारांनी सांगावे.

खरा प्रश्न कोळंबीच्या चटणीचा, म्हणजे 'माम तोम'चा आहे. बारीक कोळंबी मिठात आंबवून केलेली ही जांभळट, उग्र वासाची चटणी मुरवणात तर लागतेच, शिवाय ताटाशेजारच्या वाटीत लिंबू, साखर, मिरची आणि चमचाभर कडकडीत तेल घालून ती फेस येईपर्यंत फेटतात आणि मासा त्यात बुडवून खातात. वास न सोसणाऱ्यांना तिथेही फिश सॉस देतात, त्यामुळे तेवढ्यावर भागवता येईल. पण मला ती चटणीच हवी आहे, कारण हळदीच्या तेलाला आणि शेपूला तिच्याशिवाय धार येत नाही. आपला सुका जवळा केवळ वाळवलेला असतो, आंबवलेला नव्हे, आणि गोव्याच्या बालशांवमध्ये सिरका येतो, म्हणून हे दोन्ही मला पर्याय वाटत नाहीत. थायलंडची 'कापी', म्हणजे तिथली आंबवलेल्या कोळंबीची चटणी, घट्ट असते. ती कोमट पाण्यात सोडवून वापरली तर चालेल का? माम तोमची बाटली पुण्या-मुंबईत कोणत्या भागात मिळते, आणि ताजा जवळा घरी मिठात आंबवणे सुरक्षित असल्यास मिठाचे प्रमाण किती ठेवावे?

मार्गशीर्ष लागण्यापूर्वी घरी मासे खाणारे पाहुणे यायचे आहेत. त्यामुळे आंबवण्याला किती दिवस हाताशी धरावेत, हे सांगितल्यास त्या हिशेबाने तयारीला लागता येईल.