शर्ट वर गेला आणि कमरेची गन दिसली, तर कायद्याने काय होतं?

मृण्मयी_ह्यूस्टन:
नमस्कार मंडळी. माझ्या नवऱ्याकडे टेक्सासचं हँडगनचं लायसन्स आहे, पँटच्या आतल्या बाजूला होल्स्टर (गन अडकवायचं कव्हर) आणि वरून शर्ट सोडलेला असतो. परवा दुकानात वरच्या शेल्फवरचं काढायला हात वर केला तर शर्ट वर सरकला, मागच्या बाईंनी बघितलं आणि आपल्या मुलाला घेऊन तिथून निघूनच गेल्या. पुढे काही झालं नाही पण माझ्या डोक्यातून जात नाहीये. हा म्हणतो टेक्सासमध्ये चालतं, पण चालतं म्हणजे नक्की काय? आणि आता शिकागोला बदली होतेय, तिथे असं झालं तर?

गुरुनाथ_डॅलस:
ताई, टेक्सासपुरतं मिस्टर बरोबर बोलतायत. इथे आधी कायद्यात 'जाणूनबुजून झाकली नाही' तर गुन्हा असे शब्द होते, त्यामुळे वाऱ्याने शर्ट उडाला तरी लोक घाबरायचे. २०१३ ला ते बदलून 'जाणूनबुजून दाखवली' असं केलं. मग १ जानेवारी २०१६ पासून लायसन्सवाल्यांना ओपन कॅरी (गन न झाकता बाळगणं) मिळाली आणि १ सप्टेंबर २०२१ पासून २१ वर्षं पूर्ण झालेल्या बहुतेकांना लायसन्सशिवायच परवानगी झाली. आता गन होल्स्टरमध्ये असेल तर थोडी दिसली काय किंवा पूर्ण दिसली काय, तेवढ्यावर गुन्हा होत नाही. पण दुकानाच्या दारावर ३०.०७ ची (टेक्सासच्या कायद्यातल्या कलमाची) पाटी असेल तर तिथे उघडी गन चालत नाही (३०.०६ ची पाटी झाकलेल्या गनसाठी, दोन्ही बघायच्या), आणि कोणी बाहेर जा म्हटलं तर वाद न घालता निघायचं. भांडणात शर्ट वर करून दाखवली तर मात्र तो सरळ गुन्हा आहे, तिथे 'चुकून' कोणी ऐकत नाही.

शिल्पा_नेपरव्हिल:
शिकागो ज्या राज्यात आहे त्या इलिनॉयचं मी सांगते कारण इथे सगळंच वेगळं आहे. ओपन कॅरी बंद. टेक्सासचं लायसन्स इथे मानतच नाहीत, राहायला आल्यावर आधी एफओआयडी कार्ड (गन बाळगणाऱ्याचं राज्याचं ओळखपत्र) आणि मग १६ तासांचं ट्रेनिंग करून इथलं लायसन्स, तोपर्यंत कमरेला लावून बाहेर पडायचंच नाही. बस आणि ट्रेनमध्ये लायसन्स असलं तरी मनाई आहे. कायद्यात गन 'पूर्ण किंवा बहुतांश झाकलेली' हवी असं लिहिलंय, म्हणजे क्षणभर कडा दिसली तर लगेच गुन्हा नाही, पण कोणी ९११ ला (इमर्जन्सी नंबरला) फोन केला की पोलिस येणारच आणि तेव्हा आपण कसे वागतो ते फार महत्त्वाचं असतं.

निनाद७७:
फ्लोरिडात राहत होतो म्हणून सांगतो, तिथे २०११ लाच कायद्यात टाकलं की लायसन्सवाल्याची झाकलेली गन थोडा वेळ दिसली तर चालेल, फक्त रागाने किंवा धमकावायला दाखवलेली नको. प्रत्येक राज्यात शब्द वेगळे, म्हणून बॉर्डर ओलांडायच्या आधी वाचाच.
आणि इथे बरेच जण एच१बी वर आहेत म्हणून मुद्दाम लिहितोय: नॉन-इमिग्रंट (तात्पुरत्या, एच१बी सारख्या) व्हिसावर गन किंवा गोळ्या जवळ बाळगणं फेडरल कायद्याने बंद आहे, शिकारीच्या वैध लायसन्ससारखे मोजके अपवाद सोडून. राज्याने काहीही म्हटलं तरी. मित्राची गन शूटिंग रेंजवर हातात घेणंसुद्धा त्यात येऊ शकतं. ग्रीन कार्डवाल्यांना हा नियम नाही. घरात एक जण ग्रीन कार्डवर आणि दुसरा व्हिसावर असेल तर गनच्या सेफचा कोड ग्रीन कार्डवाल्याकडेच ठेवा आणि वकिलाला विचारा.

वैशाली_एम:
मला त्या बाईंबद्दल बोलायचंय. गन बाळगणारा माणूस चांगला आहे हे बघणाऱ्याला कुठून कळणार? लेकरू बरोबर असताना मीही निघूनच गेले असते. कायद्याने गुन्हा नाही म्हणून समोरच्याने घाबरू नये ही अपेक्षा चुकीची आहे, लांब शर्ट घालणं हे निदान तुमच्या हातात आहे.

गुरुनाथ_डॅलस:
वैशालीताई, पटलं. कडक बेल्ट, ट्रिगर पूर्ण झाकणारं कडक होल्स्टर, एक साइज मोठा शर्ट, आणि खाली वाकायचं नाही, गुडघ्यात बसायचं. शर्ट वर गेलाच तर फक्त कापड खाली ओढायचं, गनच्या मुठीला हात लावायचा नाही, बघणाऱ्याला तो हात गन काढतोय असाच दिसतो. आणि गन निसटून पडली तर हवेत झेलू नका, बोट ट्रिगरवर जातं. पडू द्या.

मृण्मयी_ह्यूस्टन:
खूप आभार सगळ्यांचे. शिल्पाताई, एफओआयडीचा अर्ज इथूनच करता येतो का इलिनॉयचा पत्ता लागतो? आणि मी अजून व्हिसावरच आहे, त्यामुळे सेफचा कोड आज रात्रीच बदलायला सांगते.