मदत हवी आहे: बाबांची दाढ, गालाखाली सूज, तोंड उघडत नाही. आज रात्रीच न्यावं का?

कपाशीवाला
आमचं गाव राळेगाव तालुक्यात, जि. यवतमाळ. बाबा साठीच्या पुढचे, शुगरच्या गोळ्या चालू. खालची अक्कलदाढ किडलेली. आठवडाभर ठणका होता, लवंग धरली, मेडिकलवरून गोळ्या आणल्या. परवा ठणका एकदम थांबला, बाबा म्हणे बरं झालं. आज मात्र सूज गालावरून जबड्याखाली उतरली आहे. भाकर बंद, वरणाचं पाणी तेवढं घेतात. तोंडात जेमतेम एक बोट जाते. पण खर्रा (सुपारी-तंबाखूचा) खाऊन खाऊन त्यांचं तोंड आधीच कमी उघडायचं, त्यामुळे हे खर्ऱ्याचं की दाढेचं तेच कळत नाही. उद्या पोळा आहे. बैल सजवल्याशिवाय हलत नाही, करीच्या दिवशी पाहू म्हणतात. आई मिठाच्या पुरचुंडीने गाल शेकून राहिली. थांबलं तर चालेल का?

वऱ्हाडी_गडी
भाऊ, पोळा दरवर्षी येते. बैल तुम्ही सजवा, बाबाले गाडीत टाका.

सोयाबीन_ताई
माझ्या दिराला असंच झालं होतं, पाच दिवसांच्या कोर्सने उतरलं. आधी गोळ्या पूर्ण करून पाहा.

दातवाली_डॉक्टर
ताई, गोळ्यांनी उतरणारी सूज वेगळी आणि ही वेगळी. दादा, आधी एवढं बघून सांगा: बाबांना स्वतःची थुंकी गिळता येते का? आवाज बदललाय का? जिभेखालचा भाग फुगून जीभ वर उचलल्यासारखी दिसते का? आडवं झाल्यावर दम लागतो का? ताप?

ठणका आपोआप थांबला याचा अर्थ बहुतेक वेळा दाढेची नस मेली एवढाच असतो. पू आतच राहतो आणि वाट शोधतो. खालच्या मागच्या दाढांची मुळं जबड्यात खोलवर असतात, म्हणून तिथला पू गालात न येता जबड्याखाली, जिभेखाली, गळ्याकडे सरकू शकतो. दोन्ही बाजूंनी भरलं की श्वासाची वाट दबते. याला लुडविग्ज अँजायना म्हणतात, लुडविग नावाच्या जर्मन डॉक्टरने 1836 मध्ये वर्णन केलेला आजार. शुगर असली की पसरायला वेळ लागत नाही.

खर्ऱ्याचं म्हणाल तर त्याने तोंड महिन्यामहिन्याने, वर्षावर्षाने आखडते. गेल्या आठवड्यात भाकरीचा घास जात होता ना? मग दोन दिवसांत एक बोटावर आलं ते दाढेमुळे.

शेकणं आत्ताच्या आत्ता बंद करा. कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या जमल्या तर ठीक, बाहेरून उष्णता नको. हिरडीवर ॲस्पिरिनची गोळी ठेवतात काही जण, तेही नको, कातडं भाजते.

कपाशीवाला
थुंकी गिळत नाहीत, गमछ्याने पुसून राहिले. आवाज तोंडात घास धरून बोलल्यासारखा. अंग तापलं आहे. दम नाही म्हणतात, पण उशीला टेकत नाहीत, बसूनच आहेत.

दातवाली_डॉक्टर
108 ला फोन करा, आत्ता. दातांचा दवाखाना शोधत बसू नका, रात्री उपयोग नाही. ऑक्सिजन, भूल आणि सर्जन आहे अशा ठिकाणी न्या: यवतमाळचं शासकीय मेडिकल कॉलेज, नाहीतर वर्ध्याजवळचं सावंगी (मेघे), तिथे मेडिकल आणि डेंटल दोन्ही कॉलेजं आहेत. गाडीत बसवूनच न्या, झोपवू नका. आता खायला-प्यायला काही देऊ नका, भूल द्यावी लागेल. शुगरच्या गोळ्यांचं पाकीट सोबत घ्या, आणि काय काय दिलं ते कॅज्युअल्टीत सांगा.

नदीकाठची
धाग्यात घुसते, माफ करा. माझ्या बारा वर्षांच्या पोराचा समोरचा दात क्रिकेटच्या बॉलने अख्खा निघाला. मातीत पडला होता, पुडीत बांधून ठेवला.

दातवाली_डॉक्टर
पुडीतून काढा! पक्का दात आहे, परत बसू शकतो. मुळाला हात न लावता वरच्या पांढऱ्या भागाने धरा, माती असेल तर पाण्याखाली क्षणभर धरा, घासू नका. पेलाभर दुधात टाका आणि निघा. अर्ध्या-पाऊण तासात पोहोचलात तर चांगलं, उशीर झाला तरी जा. दुधाचा दात असता तर परत बसवत नसतात.

वऱ्हाडी_गडी
अन नुसता ठणका असला त काय करा लागते? आमच्याकडं दातांचा डॉक्टर बाजाराच्याच दिवशी येते.

दातवाली_डॉक्टर
नुसता ठणका, थंड लागणं, दातात भरलेलं सिमेंट पडणं असेल तर बाजारापर्यंत गोळीवर काढा. सूज डोळ्याकडे किंवा गळ्याकडे निघाली, ताप आला, गिळता येईना, किंवा दाढ काढल्यावर बोळा अर्धा तास घट्ट चावून धरूनही रक्त थांबेना, तर बाजार पाहायचा नाही.

कपाशीवाला
यवतमाळला आहोत. रात्रीच चिरा देऊन पू काढला, गळ्याखाली नळी ठेवली. डॉक्टर म्हणे सकाळपर्यंत थांबले असते तर अवघड होतं. शुगर फारच वाढलेली निघाली. बाबांनी शुद्धीवर येताच बैलांचं विचारलं. शेजारच्या काकाजींनी दोन्ही बैल तोरणाखाली नेले म्हणून फोटो दाखवला.

दातवाली_डॉक्टर
छान. नळी निघाली की दाढेचं काय करायचं ते तिथेच ठरवून या, तशीच ठेवून घरी आणू नका. आणि सूज उतरल्यावर तोंड किती उघडते ते बघा, स्वतःची तीन बोटं उभी मावायला हवीत. मावली नाहीत, गाल आतून पांढरट-कडक लागला, तिखट झोंबत असेल, तर खर्ऱ्याची वेगळी तपासणी लागेल. नागपूरच्या शासकीय डेंटल कॉलेजला दाखवता येईल.