मदत हवी आहे: कॅथरीन डिकन्स नवऱ्याला ‘अहो’ म्हणेल की ‘अरे’?

मंडळी, चार्ल्स डिकन्सवर मराठीत कादंबरी लिहितेय आणि गाडी अडलीय. अक्षरशः गाडीच. ९ जून १८६५ला केंटमध्ये स्टेपलहर्स्टजवळ रेल्वे रुळांवरून घसरली, १० माणसं गेली. डिकन्स आपल्या उंच हॅटमधून पाणी आणून जखमींना पाजत होता. मग लटकत्या डब्यात परत चढून त्याने आपलं हस्तलिखित काढलं. सोबत त्याची प्रेयसी, नटी एलन टर्नन होती. ते मात्र त्याने दडवलं. त्याच्या १० मुलांची आई कॅथरीन १८५८पासून वेगळी राहत होती. अपघाताला बरोबर ५ वर्षं झाली त्या दिवशी तो गेला. (हे मी मनाने रचलं असतं तर कुणी पटवून घेतलं नसतं!)

अपराधीपणा त्याच्याच तोंडून वदवला की नुसतं रडगाणं होतं. म्हणून निवेदन कॅथरीनकडे दिलंय. पण ‘अहो’ लिहिलं की ती थेट सदाशिव पेठेत पोचते, ‘अरे’ लिहिलं की आजची वाटते. मनातल्या मनात ‘तो’ चालेल, पण समोरासमोर भांडताना?

अनुवाद करणाऱ्यांनो, तुम्ही काय करता? जमल्यास दोन-चार वाक्यं लिहूनच दाखवा.