स्रेब्रेनित्सा : हाती आलेली चार हाडे पुरायची, की बाकीची सापडेपर्यंत थांबायचे?

खणती
जुलै १९९५ मध्ये पूर्व बोस्नियातल्या स्रेब्रेनित्सात बोस्नियन सर्ब सैन्याने आठ हजारांहून जास्त मुस्लिम पुरुष आणि मुलगे मारले. त्यातल्या सात हजारांच्या आसपास लोकांची ओळख डीएनएवरून पटली आहे. पण ओळख पटणे वेगळे आणि माणूस सापडणे वेगळे. मारणाऱ्यांनी त्याच वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरात पुरावा लपवण्यासाठी मूळ खड्डे यंत्रांनी उकरले आणि प्रेते ट्रकमध्ये भरून लांबच्या खड्ड्यांत ओतली. दोन-तीन महिन्यांची, निम्मी कुजलेली प्रेते. यंत्राच्या एका खेपेत धड गेले, दुसऱ्या खेपेत पाय. त्यामुळे एकाच माणसाची हाडे चार-चार ठिकाणी निघतात, आणि घरी कळते ते एवढेच : खालचा जबडा आणि डाव्या मांडीचे हाड.

दरवर्षी ११ जुलैला स्रेब्रेनित्साजवळच्या पोतोचारीच्या स्मृतिस्थळी त्या वर्षीचे सामूहिक दफन होते. हिरव्या कापडाने झाकलेल्या पेट्या, पुढे पांढरे शिळास्तंभ. तिथे एवढेच पुरायचे का, हे कुटुंबाने ठरवायचे असते. त्यांच्या होकाराशिवाय पुरत नाहीत.

माझे मत : आहे तेवढे पुरून घ्यावे. बाकीची हाडे निघतीलच याची हमी कुणी देऊ शकत नाही. नंतर काही निघाले तर अभियोक्ता कार्यालयाच्या आदेशाने कबर उघडून त्यात ठेवता येते. आई-वडील मात्र म्हातारे होत चाललेत.

दगडूशेठ_नव्हे
असहमत. ‘उघडून ठेवता येते’ हे लिहायला सोपे आहे. ज्या घराने एकदा मातीची मूठ टाकली, त्याला तीन वर्षांनी सांगायचे की कबर पुन्हा उकरतोय, आणखी दोन मणके आलेत? काही घरांवर ही वेळ एकदा नव्हे, दोनदा-तीनदा येते. त्यापेक्षा अवशेष शवागारात, क्रमांकाच्या पिशवीत थांबलेले बरे.

दुसरे, घाईतल्या चुका. डीएनए येण्याआधी बोस्नियात कपड्यांवरून ओळख पटवत. हाताने विणलेला स्वेटर, विशिष्ट ठिगळ, खिशातली तंबाखूची डबी. पण जंगलातून पळणाऱ्यांनी एकमेकांचे कपडे घातले होते, आणि चुकीची माणसे चुकीच्या नावाने पुरली गेली. अशा एका चुकीत दोन घरे अडकतात : एकाची कबर खोटी, दुसऱ्याचा माणूस कायमचा बेपत्ता.

पेशवाई_पावटा
वरच्यांचा कपड्यांचा मुद्दा बरोबर, पण तो आता लागू नाही. २००१ पासून डीएनएने काम चालते आणि अहवाल द्यायला जुळणीची खात्री ९९.९५ टक्क्यांच्या वर लागते.

दगडूशेठ_नव्हे
आणि भाऊ? एकाच घरचे तीन भाऊ मारले गेलेत, नमुना फक्त आई-वडिलांचा आहे. ९९.९५ टक्के खात्रीने काय कळते? ‘हा या जोडप्याचा मुलगा.’ तिघांपैकी कोणता ते नाही. अशा वेळी पुरून मोकळे व्हायचे?

खणती
हा प्रश्न नुसते थांबून सुटत नाही, नमुन्याने सुटतो. गेलेल्याला मूल असेल तर मुलाचा आणि त्याच्या आईचाही घ्यायचा. विधवेचे रक्त कशाला, असे घरचे विचारतात. मुलाच्या डीएनएतला तिच्याकडून आलेला अर्धा भाग बाजूला काढला की उरतो तो बापाचा. तो भावांमध्ये फरक दाखवतो. बोट टोचून थोडे थेंब कार्डावर घ्यायचे, बस. परदेशात गेलेल्यांकडूनही असेच मागवतात. भावांपैकी कुणालाच मूल नसेल तर वय, उंची, दात, जुने फ्रॅक्चर. एक सतराचा आणि दुसरा चाळीसचा असेल तर हाडांच्या टोकांवरून कळते. विशी-बाविशीतल्या भावांचे अवघड. तिथे मीही थांबा म्हणेन.

गाळपीठ
थोडे विषयांतर, पण ‘पुरले की पुरावा गेला’ अशी भीतीही या वादात डोकावते. ती निराधार आहे. हाड बाहेर काढतानाच त्याची जागा, खोली, फोटो, क्रमांक नोंदलेले असतात. सगळ्यात बोलका पुरावा तर हाडांचाही नव्हता. कोझ्लुकला जिथे माणसे मारली तिथे बाटल्यांच्या कारखान्याची फुटकी हिरवी काच टाकलेली होती. तीच काच कित्येक किलोमीटर लांब चांचारी रस्त्यावरच्या एका दुय्यम (प्रेते नंतर हलवलेल्या) खड्ड्यात प्रेतांमध्ये मिसळलेली निघाली. प्रेते कुठून कुठे हलवली ते काचेने, मातीने, डोळ्यांवर बांधलेल्या पट्ट्यांच्या कापडाने सिद्ध केले. हेगच्या युद्धगुन्हे न्यायालयाने २००१ मध्ये बोस्नियन सर्ब सैन्याच्या जनरल क्रस्तिचला दोषी धरले, तेव्हा बहुतेक कुटुंबांना एकही हाड मिळाले नव्हते. तेव्हा खटल्यासाठी कुणी दफन अडवू नये.

पेशवाई_पावटा
बोस्नियातल्या तुझ्ला शहरात दर महिन्याच्या ११ तारखेला बायका मोर्चा काढतात, नावे शिवलेले उशीचे अभ्रे एकमेकांना जोडून. ज्यांचे काहीच सापडले नाही, त्यांच्यापुढे ‘अर्धे पुरू की पूर्ण’ हा वादच चैनीचा वाटतो. असे अजून हजाराच्या घरात आहेत.

दगडूशेठ_नव्हे
चैनीचा नाही हो. ज्याच्या हाती जबडा आहे त्याचाही प्रश्न खराच आहे. आणि आई-वडील चाललेत म्हणून घाई करा, हेही पटत नाही. आई गेली तरी तिचा नमुना साठ्यात राहतो, जुळणी थांबत नाही.

खणती
जुळणी थांबत नाही, मान्य. पण कबर तिने पाहायची होती.

गाळपीठ
दोघांना एकच सुचवतो. पहिल्या दफनाची संमती घेतानाच विचारा : पुढे आणखी निघाले तर प्रत्येक वेळी कळवू का, ठरावीक वर्षांनी एकत्र कळवू, की कळवूच नको? एक घर म्हणेल नखाएवढे सापडले तरी सांगा. दुसरे म्हणेल, आता फोन नको. ‘नको’ म्हणणाऱ्यांचे तुकडे स्मृतिस्थळाच्या आवारात एका सामायिक जागी ठेवावेत.

दगडूशेठ_नव्हे
हे चालेल. फक्त तो कागद मागे घेता आला पाहिजे, आणि त्यावर एकट्या थोरल्या मुलाची सही नको. विधवेचीही हवी.