स्पायडर-मॅन २: भाऊ दहा दिवसांसाठी येतोय, दोघांनी मिळून खेळता येईल का?

अनघा_वारजे

नमस्कार मंडळी. माझा धाकटा भाऊ दिवाळीला तीन वर्षांनी घरी येतोय. सुट्टी मोजून दहा दिवसांची. २०२० च्या टाळेबंदीत आम्ही दोघांनी पीएस४ (प्लेस्टेशन ४) वर पहिला स्पायडर-मॅन खेळून संपवला होता. आईबाबा झोपले की आवाज बारीक करायचा आणि बसायचं. इमारतींवरून झुलायचं काम माझं आणि मारामारी आली की कंट्रोलर त्याच्याकडे. शेवटी पीटरच्या (म्हणजे स्पायडर-मॅनच्या) मे काकूंचा प्रसंग आला तेव्हा आम्ही दोघंही बराच वेळ काही बोललो नव्हतो. त्यानंतर एकत्र असं काही खेळणं झालंच नाही.

गेल्या महिन्यात पीएस५ घेतला, तो खरं तर याच दहा दिवसांसाठी. दुसऱ्या भागात पीटर आणि माइल्स असे दोघं स्पायडर-मॅन आहेत असं वाचलं. मग दोन कंट्रोलर लावून एकत्र खेळता येतं का? रोज जेवणं झाल्यावर दोन-अडीच तास मिळतील, तेवढ्यात गोष्ट पूर्ण होईल का? माइल्सचा मधला गेम आम्ही खेळलेलो नाही, तो आधी खेळायलाच हवा का? आणि पूर्ण किमतीला घेण्याएवढा आहे का? २०२३ मध्ये डिस्क ४,९९९ ला आली होती, म्हणून विचारतेय. कृपया गोष्ट फोडू नका.

हिंजवडी_शटल

दोन कंट्रोलर चालणार नाहीत. नायक दोन असले तरी गेम एकट्याने खेळायचा आहे. ऑनलाइनही नाही. पीएस४ वर हा गेम येत नाही, त्यामुळे पीएस५ घेतलात ते बरं केलंत. जागा मोकळी करून ठेवा, ९० जीबीच्या आसपास लागते. पीसीवर ३० जानेवारी २०२५ ला आला, पण तिथे १६ जीबी रॅम आणि १४० जीबीची एसएसडी हवी. तुमच्याकडे पीएस५ आहे तर त्या वाटेला जाऊ नका.

माइल्सचा गेम नोव्हेंबर २०२० चा आहे, छोटा आहे. नाही खेळलात तरी अडत नाही. माइल्सचे वडील पहिल्या गेममध्ये कसे गेले एवढं आठवत असलं तरी पुरे.

छापखानावाला

अनघाताई, मी हा गेम दोनदा पूर्ण खेळलोय. दुसऱ्यांदा तर तुम्ही म्हणताय तसाच, कंट्रोलर या हातातून त्या हातात देत. नारायण पेठेत माझा छोटा ऑफसेटचा छापखाना आहे. गेल्या वर्षी दिवाळी अंकांचे शेवटचे फॉर्मे बाइंडरकडे गेले त्या रात्री मी आणि माझी नववीतली मुलगी बसलो. वाटणी सरळ केली. पीटर माझा, माइल्स तिचा. गोष्टीतल्या मिशनमध्ये कोण खेळणार हे गेमच ठरवतो, आणि तो जसा या दोघांमध्ये फिरतो तसा आमचा कंट्रोलरही फिरत राहिला. मधल्या वेळात शहरात मोकळं हिंडताना हवा तो नायक निवडता येतो. दोघांनी एकत्र खेळायची सोय नाही हे खरं, पण दोघांनी मिळून खेळायला याच्याइतका चांगला गेम मी तरी पाहिलेला नाही.

आता झुलण्याबद्दल सांगतो, कारण तुमचं खातं तेच आहे. पहिल्या गेममध्ये न्यूयॉर्कचं फक्त मॅनहॅटन होतं, नदी आली की संपलं. इथे नदीपलीकडचे ब्रुकलिन आणि क्वीन्सही आहेत आणि नदी ओलांडायला काखेतले पंख. आर२ या ट्रिगर बटणाने जाळं टाकून झोका घ्यायचा, वर जाताना सोडायचं आणि हवेत त्रिकोण दाबायचा. पंख उघडतात आणि झोक्याचा सगळा वेग तसाच पुढे तरंगत जातो. खाली पाणी, समोर पूल, आणि मध्येच हवेचे बोगदे लागतात, त्यात शिरलं की माणूस फेकल्यासारखा पुढे जातो. ट्रिगरला बोटाखाली जो ताण येतो तो झोक्याबरोबर वाढतो आणि सैल होतो. माझ्या मुलीने पहिल्या रात्री एकही मिशन केलं नाही. पाऊण तास नुसती उडत होती आणि मी शेजारी बसून बघत होतो. मलाही कंटाळा आला नाही. सेटिंगमध्ये झुलण्याची मदत कमी करता येते, ती दोन-तीन दिवसांनी हळूहळू कमी करा. मग झोका खरोखर आपला वाटायला लागतो.

काळ्या पोशाखाबद्दल थोडं लांबण लावणार आहे, कारण काळा रंग हा माझ्या रोजच्या कामाचा विषय आहे. नुसत्या काळ्या शाईने मोठा ठोकळा छापला तर तो फिका, राखाडी दिसतो. म्हणून आम्ही काळ्याखाली थोडा सायन (निळसर शाई) देतो, मग तो भरीव होतो. पीटरच्या अंगावर सिम्बिओट (अंगाला चिकटून पोशाख होणारा परग्रहावरचा जीव) चढतो तेव्हा त्याचा काळाही असाच घडवलेला आहे. तो ओला दिसतो, खांद्यावर रस्त्यावरच्या दिव्यांची निळसर कड येते, दंडावरून काहीतरी सरकत जातं. पण पहिल्यांदा खेळताना मला यातलं काही दिसलंच नाही. टीव्हीवर नुसता डांबराचा गोळा. दोन रात्री मी गेमलाच दोष देत होतो. मग पीएस५ च्या सेटिंग्जमध्ये स्क्रीन अँड व्हिडिओखाली अ‍ॅडजस्ट एचडीआर आहे (उजेड-अंधार नीट दिसायची जुळणी) ते सावकाश केलं, टीव्हीचं पिक्चर मोड बदललं, आणि एकदम पोशाखाचा पोत वर आला. जणू प्रूफ आणि छापील पानातला फरक. भाऊ यायच्या आधी एका संध्याकाळी हे करून ठेवा. आणि चित्राचा मोड परफॉर्मन्स ठेवा, सेकंदाला ६० फ्रेम मिळतात. फिडेलिटीत प्रतिबिंबं जास्त रेखीव दिसतात, पण ३० फ्रेमवर झुलताना डोळ्याला हिसके बसतात.

तो पोशाख चढल्यावर पीटरचा आवाज बदलतो. शब्द तेच, पण धार वेगळी. मित्रांशी बोलताना तुटक व्हायला लागतो. मारामारीतही हात जड होतो, माणसं जमिनीवर आपटतो. खेळताना मजा येते आणि त्याच वेळी वाईटही वाटतं. हे दोन्ही एकदम वाटायला लावणं हे मोठं काम आहे आणि ते इथे जमलंय.

गोष्टीचा पहिला अर्धा भाग मला फार आवडला. पीटरवर मे काकूंच्या घराच्या कर्जाचा बोजा आहे, नोकरी धड नाही, आणि जुना मित्र हॅरी परत येतो. दोघं रात्री क्वीन्समधून सायकली हाणत आपल्या जुन्या शाळेकडे जातात, तो तुकडा तुम्ही आणि भावाने नक्की सावकाश खेळा. क्रेव्हन शिकारी शहरात आल्यावर दहशत खरी वाटते. मार्टिन ली (पहिल्या गेममध्ये माइल्सच्या वडिलांच्या मृत्यूला जबाबदार असलेला) आणि माइल्स समोरासमोर येतात तिथे मुलीने कंट्रोलर इतका घट्ट धरला होता की तिची बोटं पांढरी पडली होती.

दुसऱ्या अर्ध्यात मात्र घाई झालीय. व्हेनम हा राक्षसी खलनायक येतो, टोनी टॉड यांनी दिलेला आवाज ऐकून अंगावर काटा येतो (ते नोव्हेंबर २०२४ मध्ये गेले), आणि तो आपल्या मनात बसायच्या आत सगळं शहर पेटतं आणि शेवट येतो. हॅरीच्या मनात काय चाललंय यावर अजून दोन-तीन मिशन हवी होती. शेवटचा फॉर्मा घाईत मशीनवर चढवला की रजिस्ट्रेशन (रंगांची एकमेकांवर बसणारी जुळणी) हलतं, तसं झालंय.

म्हणून एक सांगणं. गोष्ट ओढत नेते, तिच्यामागे धावू नका. छोटी मिशन बाजूला ठेवू नका, या गेमचा जीव तिथे आहे. हेली नावाची बहिरी चित्रकार मुलगी आहे, काही वेळ आपण तिला खेळवतो. भोवतालचा आवाज बुजतो आणि ती हातांनी बोलते. आणि हॉवर्ड. पहिल्या गेममध्ये ज्याची १२ कबुतरं आपण शहरभर पकडून आणून दिली होती तोच म्हातारा. तो स्पायडर-मॅनला एक साधी विनंती करतो, कबुतरांना नव्या घरी पोहोचवायची. त्यात एकही ठोसा नाही. आपण पुढे उडायचं आणि थवा मागे. नदीवर संध्याकाळचं ऊन आणि पाठीमागे पंखांची फडफड. पुढचं सांगत नाही. आमच्या घरी त्या रात्री त्यानंतर काही खेळलो नाही.

मुख्य गोष्टीला मला साधारण १८ तास लागले, छोटी मिशन धरून २८. मुख्य गोष्ट आणि मोजकी छोटी मिशन तुमच्या दहा रात्रींत बसतील. फक्त गुरुवारी आमच्या भागात लाइट जाते तशी तुमच्याकडेही जात असेल, तर त्या दिवशी दुपारचा बेत करू नका.

डेक्कन_पूल

मी थोडं विरुद्ध बोलणार. छापखानावाले दादांनी लिहिलंय ते खरं आहे, पण मारामारीचं खातं भावाचं आहे ना? मग त्याला आधी सांगून ठेवा की पहिल्या गेममध्ये आठ गॅजेट (मारामारीत वापरायची साधनं) होती, इथे ती कमी केलीत. पहिल्यात मी शत्रूंना भिंतीला चिकटवणं, हवेत तरंगवणं, ट्रिप माइन लावून दोघांना एकमेकांवर आदळवणं यात तासन् तास घालवलेत. ते डोकं चालवणं इथे कमी झालं. त्याऐवजी एल१ धरून विशेष हल्ले करायचे, ते जोरदार दिसतात, पण सात-आठ तासांनी तेच ते वाटायला लागतं. चांगली भर म्हणाल तर एल१ वर वार अडवणं. काही वार चुकवता येतच नाहीत, ते नेमक्या क्षणी अडवावेच लागतात. क्रेव्हनशी लढताना त्याचा खरा कस लागतो.

२०२३ च्या द गेम अवॉर्ड्समध्ये सात नामांकनं होती आणि एकही पुरस्कार मिळाला नाही, मला त्यात अन्याय दिसला नाही. सेलमध्ये घ्या, गेम कुठे पळून जात नाही.

छापखानावाला

गॅजेटचं मान्य. ट्रिप माइन मलाही आठवते. पण सेलची वाट बघायला भाऊ थांबणार आहे का? दहा दिवस त्याच्या हातात आहेत, गेमच्या नाहीत. आणि माझ्यासारख्या माणसाला मारामारी सोपी झाली ते सोयीचं पडलं. गेमचा वेग ७०, ५० किंवा ३० टक्क्यांवर आणता येतो. माझ्या आईने बासष्टाव्या वर्षी ५० टक्क्यांवर एका टोळीला लोळवलं आणि मग पुन्हा खेळायला मागितलं. अनघाताई, तुमची आईही बसू दे एखाद्या रात्री.

रात्रपाळी_भोसरी

डिस्क की डाउनलोड याबद्दल. जुनी डिस्क स्वस्तात घ्यायची असेल तर डोळ्यांनी बघून घ्या. मी एका दुकानातून बंद पाकिटातली वापरलेली डिस्क घेतली, घरी येऊन बघतो तर मागे नखाएवढी चर. इन्स्टॉल ६० टक्क्यांवर अडकायचं. परत न्यायला गेलो तर पाकीट फोडलं म्हणून घेतली नाही. उजेडात तिरकी धरून बघा आणि शक्यतो दुकानातच मशीनला लावून दाखवा म्हणावं. नवी घेतलीत तर प्रश्नच नाही, आणि खेळून झाल्यावर विकताही येते. डाउनलोड केलेला गेम विकता येत नाही. तुमचा पीएस५ डिस्कवाला आहे ना, ते मात्र आधी बघा.

अजून एक, मार्च २०२४ च्या अपडेटने नवा खेळ मिळवलेल्या ताकदीसकट पुन्हा सुरू करता येतो. भाऊ परत गेल्यावर तुम्हाला तो उपयोगी पडेल.

अनघा_वारजे

सगळ्यांचे मनापासून आभार. नवी डिस्क घेतेय, आजच सांगून ठेवली. मशीन डिस्कवालंच आहे. काळ्या रंगाचं वाचून काल रात्रीच एचडीआर करून बघितलं, दुसऱ्या एका गेममधली अंधारी खोली पहिल्यांदा दिसली, तिथे एक कपाट आहे हे मला महिनाभर माहीतच नव्हतं.

भावाला हा धागा पाठवला. तो म्हणतो गॅजेट कमी असली तरी चालतील, पण माइल्स त्याचा. चालेल. हॉवर्डची कबुतरं पहिल्या गेममध्ये मी पकडली होती, बाराच्या बारा, तो तेव्हा झोपला होता. ते मिशन मी त्याच्या हातात देणार नाही.